एकोणीस, एकोणीस, अठरा: पाचव्या पातळीच्या जादूगारांची तुलना (प्रकल्प नोंदी)

७ जून २०२५, शनिवार

आजचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा कथेचा खेळ) सत्र रात्री साडेअकराला संपलं. फासे गोळा करताना मामेबहीण म्हणाली, "दादा, माझं पात्र बदलून दे. मला विझर्ड हवाय."

विझर्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक हे खेळातले जादूगारांचे तीन प्रकार. ती दहा महिने सॉर्सरर खेळते आहे, पहिल्या पातळीपासून पाचव्यापर्यंत. कारण विचारलं, तर म्हणाली, "फायरबॉलचा मंत्र विझर्डकडे आहे तसा माझ्याकडेही आहे. पण शिलालेख वाचायचा, दार उघडायचं, दडलेलं शोधायचं, सगळं तोच करतो. मी नुसती बसून असते." तेवढ्यात वॉरलॉक खेळणारा मित्र म्हणाला, "मी तर दोनदा जादू केली की संपलोच."

डीएम (खेळ चालवणारा) म्हणून हे दोन्ही मला लागलं. तिघांपैकी कोण खरंच मागे पडतंय आणि का, हे नीट मोजायचं ठरवलं. आमचे नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ सालचे. २०२४ चे सुधारित नियम घेतलेले नाहीत. मोहीम जुन्यावर सुरू झाली आणि सगळ्यांकडे पुस्तकंही जुनीच आहेत. तुलना फक्त पाचव्या पातळीची, कारण आमचं टेबल तिथं आहे.

८ जून, रविवार

सकाळी एक्सेल उघडलं. तिघांचाही जादूचा मुख्य गुण १८ धरला. म्हणजे हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशाला +७ आणि शत्रूला सेव्ह करायला (फासा टाकून जादूतून वाचायला) १५ लागणार. समोर ऑर्क (राक्षसी योद्धा): एसी (फटका लागायला हवा तो आकडा) १३, एचपी (किती मार सोसतो) १५, डेक्सला (चपळाईला) +१.

विझर्ड आणि सॉर्सररचा फायर बोल्ट (कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र) ७५ टक्के वेळा लागतो. क्रिटिकल (२० पडला की दुप्पट फासे) धरून दर पाळीला सरासरी नुकसान ८.८. वॉरलॉकचा कॅन्ट्रिप एल्ड्रिच ब्लास्ट, त्याचं नुकसान वाढवणारा अगोनायझिंग ब्लास्ट घेतलेला असेल तर, दोन किरणांचे मिळून १४.८. वर हेक्स (दर फटक्याला जास्तीचं नुकसान देणारा शाप) चालू असेल तर २०.४. फायरबॉलचे आठ फासे, सरासरी २८. ऑर्क ३५ टक्के वेळा सेव्ह करून अर्ध्यावर सुटतो, म्हणून माणशी २३.१. आठ ऑर्कना १८४.८.

मग सॉर्सररचं क्विकन्ड स्पेल (मंत्र झटपट टाकायची युक्ती) घातलं. दोन सॉर्सरी पॉइंट द्यायचे, एक फायरबॉल बोनस ॲक्शनला (पाळीतल्या जोडकृतीला) आणि दुसरा ॲक्शनला (मुख्य कृतीला). एका पाळीत ३७०. दुपारी चार वाजता शीट सांगत होतं की सॉर्सररच्या जवळपासही कुणी नाही. मी बहिणीला तसा मेसेजही पाठवला.

१० जून, मंगळवार

तो मेसेज चुकीचा होता. रात्री नियम पुन्हा वाचले तेव्हा एकामागून एक तीन चुका सापडल्या.

पहिली चूक मोठी. बोनस ॲक्शनला स्पेल टाकला, की त्या पाळीत दुसरा स्पेल टाकायचा तर तो ॲक्शनचा कॅन्ट्रिपच लागतो. फायरबॉल आणि फायर बोल्ट चालतं. दोन फायरबॉल नाही.

दुसरी: ऑर्कचे एचपीच १५. आठ ऑर्कचे मिळून १२०. त्यावरचं सगळं नुकसान कागदावरचं. गॉब्लिनचे तर ७ एचपी, आणि मी माणशी बावीसच्या वर मोजत होतो.

तिसरी: आठच्या आठ ऑर्क स्फोटात सापडतात असं धरलं होतं. डीएमच्या पुस्तकात याचा साधा हिशेब आहे: गोलाच्या त्रिज्येला ५ नं भागायचं. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे चार शत्रू. आमच्या टेबलवरचा अनुभवही तोच; पहिल्याच फेरीत फायटर मध्ये घुसलेला असतो.

३७० चा आकडा ६० च्या आसपास आला. बहिणीला फोन करून चूक सांगितली आणि निकाल अजून लागायचा आहे असं कळवलं. जो कुणी हे काम करेल त्यानं सरासरी नुकसानाच्या शीटवर एका सकाळीपेक्षा जास्त वेळ घालवू नये. माझे दोन दिवस त्यात गेले.

१४ जून, शनिवार

सत्राला दोघे येऊ शकले नाहीत, म्हणून वेळ हातानं चाचणी करायला वापरला. चौघांची टोळी: फायटर (लढवय्या), रोग (चोर), क्लेरिक (देवाच्या शक्तीनं जादू करणारा) आणि चौथी खुर्ची. चौथ्या खुर्चीत आळीपाळीनं विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक. बाकी तिघे तसेच. लढाई तीच, आठ ऑर्क, आणि प्रत्येक वेळी टोळी झोपून ताजीतवानी.

सामान: इंचाचे चौकोन आखलेले मोठे कागद, ऑर्क म्हणून शर्टाची बटणं, आणि फायरबॉलसाठी सहा बाजूंचे आठ फासे. आमच्या संचांत ते एकेकच होते, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून लूडोचे फासे आणले. कागद, प्रिंट आणि फासे मिळून ३४० रुपये. तीन लढायांना साडेचार तास.

तिन्ही लढाया जवळजवळ सारख्या संपल्या. घरी येऊन नोंदी वाचल्या तेव्हा कारण कळलं. क्लेरिकनं पहिल्या फेरीत स्पिरिट गार्डियन्स (भोवतीच्या शत्रूंना सतत मारणारा मंत्र) लावलं, ते शेवटपर्यंत चालू राहिलं आणि निम्मे ऑर्क त्यातच मेले. क्लेरिकला मार बसत होता, पण कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (मार बसल्यावर चालू मंत्र टिकवायला लागणारा) मी एकदाही टाकला नव्हता. तिन्ही लढाया बाद.

१५ जून, रविवार

पुन्हा तेच, सेव्ह धरून. क्लेरिकचा कॉन (चिवटपणा) +२. ऑर्कच्या कुऱ्हाडीला साधारण १० चा सेव्ह लागतो, म्हणजे दर फटक्याला ३५ टक्के वेळा स्पेल तुटतो. दोन फटक्यांनंतर तो टिकलेला असण्याची शक्यता ४२ टक्के. आज तिन्ही लढायांत तो तिसऱ्या फेरीच्या आत तुटला आणि चौथी खुर्ची काय करते ते प्रथमच दिसलं.

मला वाटलं होतं वॉरलॉक मागे पडेल, पण नुकसानात तो पडला नाही. चार फेऱ्यांच्या लढाईत विझर्डनं दोन फायरबॉल आणि दोन स्कॉर्चिंग रे टाकले. वॉरलॉकनं (फीन्डशी, म्हणजे सैतानी शक्तीशी, करार असलेला, म्हणून त्याच्याकडेही फायरबॉल) दोन फायरबॉल आणि दोनदा एल्ड्रिच ब्लास्ट. स्कॉर्चिंग रेची सरासरी १६.८, एल्ड्रिच ब्लास्टची १४.८. एवढ्या फरकासाठी कुणी तक्रार करणार नाही.

फरक मार खाण्यात होता. विझर्डकडे बचावाचे मंत्र, मेज आर्मर आणि वर शील्ड, एसी १५ चा गरजेला २० होतो. ऑर्कचा फटका ५५ ऐवजी ३० टक्के वेळा लागतो. विझर्ड एकाच लढाईत पहिल्या लेव्हलचे चारही स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) बिनधास्त उडवू शकतो, कारण पुढे झोपायचंच आहे. चामड्याचं चिलखत घातलेला वॉरलॉक एसी १३ वर उभा असतो आणि त्याचे दोन्ही स्लॉट हल्ल्यात गेलेले असतात.

१७ जून, मंगळवार

या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला हिशेब आज झाला, आणि त्याला एक फासाही लागला नाही.

पाचव्या पातळीच्या विझर्डचे स्लॉट ४, ३, २. लेव्हलनं गुणून बेरीज केली: चार, सहा आणि सहा, एकूण १६. आर्केन रिकव्हरीनं दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर), तीन लेव्हलचे स्लॉट परत येतात. एकूण १९.

सॉर्सररचे स्लॉट तेच, १६. सोबत पाच सॉर्सरी पॉइंट. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट बनवायला बरोबर पाचच लागतात. एकूण १९.

वॉरलॉककडे तिसऱ्या लेव्हलचे दोनच स्लॉट, पण शॉर्ट रेस्टला परत येणारे. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट झाल्या तर सहा स्लॉट, एकूण १८.

एकोणीस, एकोणीस, अठरा. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांनी तागडी हातात धरूनच लिहिले होते, हे पाहून मला खरोखर आनंद झाला. पुस्तकानं गृहीत धरलेला दिवस सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढायांचा आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्टचा आहे. त्या दिवशी तिघे समान आहेत.

मग आमची सत्रांची वही काढली. मोहिमेतले लढाई झालेले २३ दिवस सापडले. १५ दिवशी एकच लढाई, ६ दिवशी दोन, २ दिवशी तीन. शॉर्ट रेस्ट सगळ्या मोहिमेत चार वेळा.

शॉर्ट रेस्ट नसेल तर विझर्ड १६, सॉर्सरर १९ आणि वॉरलॉक ६. मित्राची तक्रार शब्दशः खरी होती. त्याला सहावर मी आणलं होतं. लढाई संपली, की "तुम्ही मुक्काम करता, सकाळ होते," हे वाक्य मीच म्हणत आलो आहे.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. टेबलवरचे दोघे वारकऱ्यांच्या सेवेला गेले आहेत. सत्र नाही, चाचणी नाही.

२८ आणि २९ जून

पूर्ण दिवसाची चाचणी. पाचव्या पातळीच्या चौघांचं दिवसाचं बजेट १४,००० एक्सपी (लढाई किती कठीण त्याचं माप). मी लावलेल्या सहा लढाया: आठ ऑर्क, तीन ओगर, बारा गॉब्लिन, एक ट्रोल आणि दोन ऑर्क, सहा हॉबगॉब्लिन, दोन ओगर आणि चार ऑर्क. शत्रूंच्या संख्येचे गुणक धरून १४,३००. दुसऱ्या आणि चौथ्या लढाईनंतर शॉर्ट रेस्ट. तीन खुर्च्या, म्हणजे अठरा लढाया. दोन दिवसांत बाराच झाल्या. उरलेल्या सहा पुढच्या आठवड्यात रोज रात्री एक अशा संपवल्या. एकूण वेळ सुमारे २१ तास. एकट्यानं करू नका, ऑर्क हलवायला कुणीतरी घ्या.

विझर्डचा दिवस: पहिल्या दोन लढायांत दोन्ही फायरबॉल गेले, रिकव्हरीनं एक परत आला, तो ट्रोलच्या लढाईत गेला. हॉबगॉब्लिनच्या लढाईत तो बहुतेक वेळ फायर बोल्टच मारत होता. हॉबगॉब्लिनचा एसी १८, निम्मे नेम चुकले. शेवटच्या लढाईत शील्डलाही स्लॉट नव्हता आणि ओगरच्या दोन फटक्यांत आडवा झाला. त्याचे एचपी ३२.

वॉरलॉकचा दिवस उलटा. सुरुवात बेताची, पण सहाव्या लढाईतही त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट शिल्लक होता. चार फेऱ्यांची लढाई धरली तर दिवसाच्या २४ पाळ्यांपैकी विझर्डच्या १४ पाळ्या कॅन्ट्रिपवर जातात आणि वॉरलॉकच्या १८. पण त्याचं कॅन्ट्रिप ८.८ नाही, १४.८ आहे. इथं माझी आणखी एक चूक झाली. शॉर्ट रेस्टला हेक्स संपतो असं धरून मी पहिल्या चार लढाया खेळलो. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमधून टाकलेला हेक्स, कॉन्सन्ट्रेशन टिकलं तर, आठ तास चालतो. रेस्ट घ्यायची, स्लॉट परत, हेक्स तसाच चालू. त्या लढाया पुन्हा खेळाव्या लागल्या.

सॉर्सरर या दोघांच्या मधोमध. पाच पॉइंटांचा स्लॉट बनवला तर तिचा दिवस विझर्डच्या दिवसासारखाच जातो आणि मेटामॅजिक (पॉइंट देऊन मंत्र बदलायच्या युक्त्या) नावाला उरतं. मेटामॅजिक वापरलं तर तिसरा फायरबॉल नाही.

५ जुलै, शनिवार

सत्रात घडलेली गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती कुठल्याच शीटमध्ये आली नव्हती.

फायटर पाच ऑर्कच्या घेऱ्यात. बहिणीनं केअरफुल स्पेलला एक पॉइंट दिला आणि फायरबॉल टाकला. केअरफुलमुळे फायटरचा सेव्ह आपोआप यशस्वी होतो. पण फायरबॉलमध्ये सेव्ह यशस्वी झाला तरी अर्धं नुकसान बसतंच. फायटरला १५ लागले. पुढच्या फेरीत इव्होकेशन शाखेच्या विझर्डनं त्याच जागी फायरबॉल टाकला. त्याचं स्कल्प्ट स्पेल्स चार जणांना पूर्ण वाचवतं, नुकसान शून्य, आणि त्याला काही खर्चावंही लागत नाही.

ती काही बोलली नाही. स्लॉटची बेरीज १९ आणि १९ असली तरी तिला कमी वाटतं ते उगाच नाही, हे मला त्या क्षणी पटलं.

८ जुलै, मंगळवार

वही पुन्हा घेऊन बसलो, या वेळी लढाया सोडून. मागच्या सहा सत्रांत जादूनं सुटलेल्या, लढाईबाहेरच्या ३१ अडचणी सापडल्या. विझर्डनं १९ सोडवल्या, क्लेरिकनं ८, वॉरलॉकनं ३. सॉर्सररनं १.

कारण मंत्रांच्या संख्येत आहे. पाचव्या पातळीला विझर्डच्या वहीत किमान १४ मंत्र, त्यातले ९ तयार, आणि रिच्युअल (सावकाश करायचे मंत्र) तर वहीतून थेट, स्लॉट न घालवता. क्लेरिकला ९ आणि डोमेनचे (त्याच्या शाखेचे) ६. सॉर्सररला सहा. बहिणीचे सहा: शील्ड, मॅजिक मिसाइल, मिस्टी स्टेप, स्कॉर्चिंग रे, फायरबॉल, काउंटरस्पेल. सहाच मिळणार असतील तर कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेससाठी (अनोळखी भाषा समजायचा मंत्र) कोण जागा घालवेल? मीही घालवली नसती.

म्हणजे दुखणी दोन आहेत आणि ती वेगळी आहेत. वॉरलॉकचं दुखणं विश्रांतीचं आहे आणि सॉर्सररचं निवडीचं. महिनाभर मी दोन्ही एकाच आकड्यात शोधत होतो.

१२ जुलै, शनिवार

विश्रांतीसाठी पहिला उपाय: डीएमच्या पुस्तकातला कडक पर्याय. शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट (एरवीची रात्रीची झोप) सात दिवसांची. लढाया आठवडाभर पसरतात, कथेलाही सोयीचं. टेबलला विचारून एक सत्र खेळलो.

जमलं नाही. मंत्रांची मुदत जुन्याच घड्याळावर राहते. आठ तासांचा मेज आर्मर विझर्डला रोज नव्यानं टाकावा लागला आणि स्लॉट मात्र आठवड्यातून एकदाच भरणार. हेक्स शॉर्ट रेस्टपलीकडे जातच नाही, म्हणजे ज्याच्यासाठी हे केलं त्या वॉरलॉकचंच नुकसान. मुदती बदलायला बसलो, अकरा मंत्रांची यादी झाली, तेव्हा थांबलो. एक सत्र वाया.

दुसरा उपाय साधा आहे. शॉर्ट रेस्ट पुस्तकातलीच, एक तासाची. लाँग रेस्ट मात्र सुरक्षित जागीच: गाव, सराई, किल्ला, मित्राचं घर. रानात झोपलात तर ती शॉर्ट रेस्ट. यासाठी मला नकाशे बदलावे लागले. दोन सुरक्षित जागांमध्ये किमान चार लढाया बसतील असं अंतर ठेवलं.

१९ जुलै, शनिवार

सॉर्सररसाठी आधी पॉइंट दुप्पट करून पाहिले, पाचाचे दहा. चूक. दहा पॉइंट म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे दोन जास्तीचे स्लॉट, बेरीज २२, आणि लढाईबाहेर ती होती तिथेच. दुखतंय तिथं औषध लागलंच नाही. मागे घेतलं.

मग सहा जास्तीचे मंत्र, तिच्या पसंतीचे. तिनं हेस्ट (साथीदाराचा वेग वाढवणारा) आणि हिप्नॉटिक पॅटर्न (शत्रूंना गुंगवणारा) घेतले. कुणीही तेच घेतले असते. ट्विन्ड स्पेलला तीन पॉइंट देऊन एकाच स्लॉटमध्ये फायटर आणि रोग दोघांवर हेस्ट. रविवारी बटणांवर चाचणी घेतली, ट्रोलची लढाई दोन फेऱ्यांत संपली. आता विझर्ड मागे.

मून ड्रुइडही (प्राण्याचं रूप घेणारा जादूगार) या चाचणीत घ्यायचा होता. कन्जुअर ॲनिमल्सनं आठ लांडगे आणले आणि त्या एकाच लढाईला एक तास पन्नास मिनिटं लागली. तो भाग वेगळा करावा लागेल, इथं सोडतो.

२६ जुलै, शनिवार

मंत्र सहाच, पण यादी मी ठरवलेली. २०२० साली आलेल्या सॉर्सररच्या दोन नव्या शाखांना अशीच ठरलेली जास्तीची यादी मिळते, तो साचा उचलला. तिचं ड्रॅगनचं घराणं धरून: कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस, डिटेक्ट मॅजिक, नॉक, सी इनव्हिजिबिलिटी, फ्लाय, टंग्ज. थेट हल्ल्याचा एकही नाही. सॉर्सररला रिच्युअल येत नाही, म्हणून प्रत्येक वापराला स्लॉट जाणारच. विझर्डची फुकट वाचायची सोय त्याच्याकडेच राहते. नंतर पाहिलं तर २०२४ च्या नियमांत पाचव्या पातळीच्या सॉर्सररला सहाऐवजी नऊ मंत्र दिले आहेत. माझे बारा होतात, तेवढी भरपाई पुरे, म्हणून केअरफुलमध्ये काही बदल केला नाही.

विझर्ड खेळणाऱ्याला आधी विचारलं. तो म्हणाला, "दे तिला. मलाच दर वेळी सगळं वाचून कंटाळा आलाय."

२ ऑगस्ट, शनिवार

नव्या व्यवस्थेचं पहिलं पूर्ण सत्र. डोंगरातल्या बौन्यांच्या जुन्या खाणीत चार लढाया, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट, झोपायला जागा नाही. वॉरलॉकनं सहा वेळा तिसऱ्या लेव्हलची जादू केली. चौथ्या लढाईत विझर्डकडे पहिल्या लेव्हलचा एकच स्लॉट उरला होता आणि तो वॉरलॉकच्या मागे उभा राहिला. असं या टेबलवर आधी कधी झालं नव्हतं.

एक अडचण राहिली. तिसऱ्या लढाईनंतर क्लेरिकचे बरे करायचे स्लॉट संपले आणि फायटर ९ एचपीवर पुढे चालला. पुढच्या नकाशात औषधाच्या दोन कुप्या ठेवणार आहे.

खाणीच्या आतल्या दारावर मजकूर कोरलेला होता. विझर्डनं सवयीनं वही काढली आणि दहा मिनिटं लागतील म्हणाला. मागून गस्तीचे आवाज येत होते. बहीण म्हणाली, "थांब, मी वाचते," आणि पहिल्या लेव्हलचा शेवटचा स्लॉट खर्चून तिनं तो वाचला. दारामागे काय आहे ते फक्त तिलाच कळलं होतं, आणि ते तिनं लगेच सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी राखी आहे, सत्र नाही.